पाचव्या दारापर्यंतचं गाणं

धुकं असं दाटलं होतं की इस्पितळाच्या मागच्या अंगणातून धुलाईघराचं धुराडं दिसत नव्हतं, नुसता त्याचा वास येत होता. अशा दिवशी कापड सुकायचं नाव घेत नाही. वाफेचा रोलर तापायला अर्धा तास जास्त खातो, आणि वॉर्डातल्या सिस्टर मात्र सहाच्या ठोक्याला फोन करून चादरी मागतात, जशा काही चादरी झाडाला लागतात. घडीबाई त्या सकाळी एका सिस्टरला म्हणाली, "तासभर उघड्या गादीवर झोपले तर तुमचे पेशंट मरत नाहीत," आणि पलीकडून उत्तर यायच्या आत तिनं फोन ठेवला.

घडीबाई हे नाव तिला धुलाईघरानं दिलेलं. वय पन्नास, नोकरी अठ्ठावीस वर्षांची. एवढ्या वर्षांत तिच्या हातच्या चादरीचा कोपरा कोपऱ्याला लागला नाही असं कुणी दाखवलं नव्हतं. दाखवायची कुणाची छातीही नव्हती. बाईच्या जिभेला इस्त्रीपेक्षा जास्त चटका होता.

रोलरमधून पहिली चादर निघाली, घडीबाईनं तिची दोन टोकं धरली, समोरच्या बाईनं दोन धरली, आणि दारातल्या वाफेतून तिची नणंद आत आली. कोट अंगावर, पर्स पोटाशी धरलेली, नाक आधीच मुरडलेलं.

समोरच्या बाईच्या हातून चादर सुटायची राहिली. सगळ्या धुलाईघराला ठाऊक होतं की या दोघी सव्वीस वर्षं एकमेकींशी सरळ बोललेल्या नाहीत. एका खोलीत बसायची वेळ आली तर घडीबाई नवऱ्याला म्हणायची, "तुमच्या बहिणीला म्हणावं खिडकी लावा," आणि नणंद म्हणायची, "दादा, वहिनींना सांग, खिडकी त्यांच्या हाताशी आहे."

"वहिनी, दोन शब्द बोलायचेत," नणंद म्हणाली.

"मग टोक धरा. इथं रिकाम्या हातानं उभं राहत नाहीत."

समोरची बाई आनंदानं बाजूला झाली. नणंदेनं पर्स खांद्याला अडकवली आणि दोन बोटांनी चादर धरली.

"नीट धरा. चादर आहे, मेलेला उंदीर नाही."

"माझं पडद्यांचं दुकान आहे, वहिनी. कापड कसं धरतात ते मला शिकवू नका. होतं, म्हणजे. विकलं मी. मंगळवारी मुलीकडं चालले, कायमची."

"बरं झालं. एकदाचा पडदा पडला."

"कॅसेटी रविवारी रेडिओवाल्याच्या दुकानात वाटून टाकणार आहे. ज्याला जी हवी ती."

घडीबाईचे हात थांबले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा चादर मधेच लोंबकळली.

"आणि शेवटच्या कार्यक्रमाची?"

"ती तुम्हाला देईन." नणंदेनं कोपरे जुळवत तिच्याकडं पाहिलं. "सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, चूक माझ्या मशीनची होती, वन्संचं बरोबर होतं. एवढंच."

"नाही म्हटलं तर?"

"तर ती माझ्याबरोबर येईल. मुलीच्या घरात टेपरेकॉर्डर नाही, पण कपाट आहे."

घडी पुरी झाली. घडीबाईनं ती नणंदेच्या हातून ओढून घेतली, उलगडली आणि परत रोलरच्या तोंडाशी टाकली. "घाणेरडी झाली," ती समोरच्या बाईला म्हणाली. "परत घे."

नणंद गेली ती दार उघडं टाकून. धुकं आत आलं.

या वैराचं मूळ होतं एक बँड. पाच पोरं पत्र्याच्या शेडमध्ये गायला लागली म्हणून नाव पडलं पत्रा. त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या दोन, आणि दोन्ही मरगळलेल्या. स्टुडिओत शिरले की पाचही जण परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे अवघडून जायचे. खरं गाणं हॉलमध्ये, माणसं समोर असली की. लांबू नावाचा गाणारा होता, तो एक गाणं दोन दिवस सारखं म्हणत नसे. कधी कडवं गाळायचा, कधी नवं जोडायचा. त्यामुळं ज्यांना पत्राचं वेड लागलं त्यांना रेकॉर्ड पुरत नसे. त्यांना कालचा कार्यक्रम हवा असे, परवाचा हवा असे, आणि दोन्हींत काय वेगळं होतं यावर तास न् तास डोकं फोडायचं असे.

घडीबाई लग्न होऊन आली तेव्हा नणंद एकोणीसची होती. पहिल्याच आठवड्यात भांडी घासताना दोघींनी पत्राची एकच ओळ गुणगुणली आणि तिथून दोघींचं गूळपीठ जमलं. तेव्हा त्या एकमेकींना अगं-तुगं करायच्या. कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर न्यायची बंदी होती. घडीबाईनं धुलाईघरातून बाद झालेल्या अभ्र्यांच्या दोन जाड उशा शिवल्या. आत कापसात मशीन बसेल एवढा खळगा आणि एका कोपऱ्याला आवाज जाईल असं विरळ कापड. दारावरचा रखवालदार विचारायचा, "दोघींची पाठ एकदमच दुखते का हो?" नणंद म्हणायची, "तुमच्या खुर्च्यांवर तुम्ही बसलायत का कधी?"

कॅसेटची एक बाजू पाऊण तासाची. ती संपली की मशीनचं बटण खट्ट करून वर येतं, आणि गाणं हळू चाललेलं असलं तर तो आवाज चार रांगांना ऐकू जातो. म्हणून दोघींनी पाळ्या लावल्या होत्या. घडीबाईची बाजू संपायला पाच मिनिटं राहिली की नणंद आपलं मशीन सुरू करायची. मग घडीबाई उशी बगलेत मारून बाथरूममध्ये जायची, खट्ट तिथं होऊ द्यायची, कॅसेट उलटायची आणि येऊन बसायची. पुढच्या वेळी नणंद उठायची. मशीन चालू असताना बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, टाळी वाजवायची नाही. असे एकतीस कार्यक्रम झाले, प्रत्येक दोघींत वाटलेला. पहिला पाऊण तास एकीकडं, दुसरा दुसरीकडं.

बत्तिसावा शेवटचा ठरला. तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. दोन तास झाल्यावर लांबूनं एक नवं गाणं काढलं. एक माणूस संध्याकाळी कामावरून आपल्या गल्लीत येतो. गल्ली तीच, पण आपलं घर कुठलं ते त्याला आठवत नाही. तो एकेक दार वाजवतो आणि विचारतो, मी इथं राहतो का? पहिलं दार नाही म्हणतं. दुसरं हसतं. तिसरं कुत्रं अंगावर सोडतं. चौथं उघडतच नाही. माणूस पाचव्या दारापाशी जाऊन उभा राहिला, आणि नेमकी तेव्हाच घडीबाईची कॅसेट संपत आली.

ती उठली. नणंदेचं मशीन चालू होतं म्हणूनच उठली. तिच्या कॅसेटवर अजून ते सगळं आहे. खुर्ची कुरकुरते, हॉलचं दार ढकललं जातं, गाणं भिंतीआड जातं, नळ गळतो, खट्ट. परत येताना रखवालदारानं तिला अडवलं, उशी चाचपली, नसत्या चौकशा केल्या. ती आत पोचली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

महिन्याभरात पत्रा फुटला. लांबू गाणं सोडून ट्रक चालवायला लागला. ते गाणं पुन्हा कुठं म्हटलं गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी घरी दोघींनी कॅसेटी जोडून ऐकायला घेतल्या. पहिल्याच जोडावर घोडं अडलं. घडीबाईच्या कॅसेटवर लांबूचा आवाज चढा, झणझणीत, आणि तेच गाणं नणंदेच्या कॅसेटवर अर्ध्या सुरानं खाली, जडशीळ. नणंद म्हणाली, तुझं मशीन चुकतंय. घडीबाई म्हणाली, तुझं झोपलंय. शब्दानं शब्द वाढला. कुणाच्या माहेरच्यांना कान नाहीत इथपर्यंत गेला. नणंदेनं मशीनमधून आपली कॅसेट ओढून काढली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाचव्या दाराचं पुढं काय झालं ते घडीबाईला तेव्हापासून कळलेलं नाही.

पत्राचे वेडे आता आठ-दहा उरलेत. महिन्यातून एकदा रविवारी रेडिओवाल्याच्या दुकानात जमतात. तो रेडिओ-टेप दुरुस्त करतो, म्हणजे आता फक्त यांचेच करतो, कारण बाकी कुणाकडं राहिलेले नाहीत. त्या हॉलमध्ये तेव्हा तो होता, चष्म्याचं दुकान चालवणारा चष्मेवालाही होता. रेडिओवाला म्हणायचा पाचवं दार उघडतं. चष्मेवाला शपथेवर सांगायचा की उघडत नाही. घडीबाई दोघांनाही म्हणायची, "तुम्हाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि गाणं आठवतंय." पण दोघांना ती पुन्हा पुन्हा विचारायचीही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला नणंदेची अट सांगितली. नवरा इस्पितळाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवून निवृत्त झालेला. भोंग्यानं त्याचा डावा कान गेला होता, आणि भांडण ज्या बाजूला असेल त्या बाजूला तो डावा कान करून बसायची त्याला सवय होती.

"म्हणून टाक की," तो म्हणाला. "चार शब्दांचा प्रश्न आहे."

"तुमच्या बहिणीला म्हणावं चार शब्द."

"मला दोघींच्या कॅसेटी सारख्याच वाटतात."

"तुम्हाला अ‍ॅम्ब्युलन्स आणि दूधवाल्याची घंटा सारखीच वाटते."

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "ती मंगळवारी जाणार. परत यायची नाही, सांगून ठेवतो. अठ्ठेचाळीस गाठली नाही अजून, पण ढोपरं गेलीत तिची."

घडीबाई तोवर उठलीही होती. तिनं कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. कॅसेटी त्यात उभ्या, प्रत्येक मऊ फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली. वर्षातून दोनदा ती प्रत्येक कॅसेट पुढं नेऊन परत मागं आणायची. टेप एकाच वेटोळ्यात पडून राहिली की एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटतो म्हणतात. पोटच्या पोरांची कुणी एवढी काळजी घेत नाही, असं नणंद कुणाकुणाजवळ बोललेली. ते घडीबाईपर्यंत पोचलं होतं, आणि तिला मूलबाळ नव्हतं, तेव्हा ते कुठं लागलं असेल ते लागलं होतं.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट आणि मशीन घेऊन चष्मेवाल्याकडं गेली. त्याच्याकडं पत्राचं अकॉर्डियन होतं. वाजवणारा वारल्यावर त्याच्या बायकोनं ते देऊन टाकलं, आणि चष्मेवाल्यानं ते फ्रेमच्या खोक्यांवर देवासारखं बसवून ठेवलं होतं.

"वाजवता येतं का?" तिनं विचारलं.

"एकेक बटण दाबता येतं."

"तेवढं बस. दुसऱ्या गाण्यात अकॉर्डियन एकटंच एक सूर धरून राहतं. तो सूर यात शोधायचा."

चष्मेवाल्यानं डोळे बारीक केले. तिला काय हवंय ते त्याला लगेच कळलं. लांबू कधी चढा गाईल, गिटारवाले तारा कमीजास्त ताणतील, पण अकॉर्डियनच्या आतल्या पट्ट्या धातूच्या चौकटींवर रिवेट मारून बसवलेल्या असतात. त्यांचा सूर मालकाचं ऐकत नाही.

टेप लावली. सूर आला. चष्मेवाल्यानं त्या सुराचं ठरलेलं बटण दाबलं, भाता ओढला. दोन आवाज एकमेकांवर घासले, मांजरी भांडाव्यात तसे. त्यानं शेजारचं बटण दाबलं, अर्धा सूर वरचं. ते चपखल बसलं.

"हे शेजारचंच खरं त्या दिवशीचं," ती म्हणाली. "त्यानं तेच वाजवलं असेल."

"त्या बटणाची पट्टी पहिल्यापासून तुटकी होती, घडीबाई. मी घेतल्यावर बसवली. त्या गाण्यात तो ते वाजवूच शकत नव्हता."

तिनं टेप मागं घेतली आणि पुन्हा लावायला सांगितली. मग शेवटाकडचं एक गाणं लावलं. तिथं फरक आणखी वाढलेला. हे कशानं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. सेल उतरले की गाणं भरताना टेप हळू फिरते, आणि हळू भरलेली टेप नीट मशीनवर लावली की गाणं घाईनं आणि चढं ऐकू येतं. म्हणजे सव्वीस वर्षं ज्या आवाजावर ती जीव टाकत आली तो लांबूचा नव्हताच. खरा लांबू त्या दिवशी दमलेला होता, जड गात होता, जसा नणंदेच्या कॅसेटवर होता तसा.

"सेल नवे होते," ती म्हणाली. "नणंदेनंच आणले होते दुकानातून. माझ्याही मशीनमध्ये तिनंच घातले."

चष्मेवाला चष्मा पुसत राहिला.

"हे कुणाला सांगायचं नाही," ती दारातून म्हणाली. "आणि पाचवं दार उघडत नाही असं तुम्हाला वाटतं ना? मग रविवारी या."

रविवारी दुपारी दुकान अर्धं शटर ओढून भरलेलं होतं. नणंद मधोमध खुर्चीवर, पायाशी कॅसेटींचं खोकं. ती एकेक काढून नाव घेई आणि देई, बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्या बाईसारखी. कुणी "आभारी आहे" म्हटलं की "सांभाळा म्हणजे झालं" म्हणे. शेवटी खोक्यात एकच उरली. लोकांनी खुर्च्या सावरल्या.

"ही कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे," नणंद म्हणाली. "पण तोंडानं काही म्हणायचं ठरलंय. बघू जमतंय का."

तिच्या आवाजातला निर्धास्तपणा ऐकण्यासारखा होता. वहिनी वाकायची नाही हे तिनं सव्वीस वर्षं पाहिलं होतं. त्या भरवशावरच ही अट घातलेली.

घडीबाई उठली.

"माझ्या मशीनचे सेल उतरलेले होते," ती म्हणाली. "माझी कॅसेट चढी आहे. वन्संची बरोबर आहे. मी अकॉर्डियनवर लावून बघितलं. चूक माझ्या मशीनची."

नणंदेच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. त्याऐवजी रंग उडाला. तिनं कॅसेट मुठीत घट्ट धरली.

"द्या," घडीबाई म्हणाली.

"घरी जाऊन ऐका."

"इथं ऐकते. इतकी माणसं वाट बघतायत."

"शेवटाकडं जरा खराब झालीय ती. ओल लागली."

"खराबीसकट द्या. ठरलंय ते ठरलंय."

रेडिओवाल्यानं हात पुढं केला. सगळ्यांच्या देखत घातलेली अट, आता मागं कशी घेणार? नणंदेनं कॅसेट त्याच्या हातावर ठेवली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागली. रेडिओवाल्यानं अंदाजानं टेप पुढं नेली आणि लावली.

चौथं दार उघडत नव्हतं. लांबूचा आवाज जड, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा. खुर्ची कुरकुरली, ती घडीबाईची, उठतानाची. हॉलचं दार वाजलं. लांबू म्हणाला, पाचव्या दारावर पाटी नव्हती. आणि तिथं, माइकच्या अगदी तोंडाशी, एक कोवळी मुलगी बोलायला लागली.

"गेली का ती? अगं, सेल चारच मिळाले नवे. मी माझ्यात घातले. तिला सांगितलं दोघींच्यात नवे आहेत."

दुसरी मुलगी, नणंदेशेजारी बसलेली मैत्रीण, फिसकन हसली. "कळलं तर?"

"तिला काय कळतंय? चादरींच्या घड्या घालणारी बाई. दादानं काय बघून केली कोण जाणे. गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, मी ऐकते म्हणून ऐकते. आपली शेपटीसारखी मागं."

"हळू बोल, येईल."

"कुठं येतेय. बसलीय संडासात उशी घेऊन."

दोघी हसल्या. त्या हसण्याखाली लांबू गात होता, पण शब्द लागत नव्हते. मग ती मुलगी म्हणाली, "शू, संपतंय," आणि शेवटची ओळ तेवढी स्वच्छ आली: पाय पुसून आत ये. अकॉर्डियन थांबलं. टाळ्या.

रेडिओवाल्यानं मशीन बंद केलं. "उघडतं," तो पुटपुटला, पण चष्मेवाल्याला कोपरानं डिवचायचंही त्याला सुचलं नाही.

नणंद जमिनीकडं पाहत होती. "मी एकवीस वर्षांची होते."

"मी चोवीस होते," घडीबाई म्हणाली.

"मला आठवत पण नव्हतं बोलल्याचं. भांडण झालं त्या दिवशी खोलीत एकटीनं ऐकलं, तेव्हा कळलं."

"आणि दार लावून घेतलंत. सव्वीस वर्षं."

"काय करणार होते? तुला आणून ऐकवणार होते?" इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून तू गेलं, आणि ते तिला कळलंही नाही. ती रेडिओवाल्याकडं वळली. "तेवढंच खोडता येतं ना हो? माझं बोलणं तेवढं?"

"त्याच्या खाली गाणं आहे," तो म्हणाला. "टेप एकच. बोलणं गेलं की गाणं गेलं."

"तुमच्या हातात होती ती," घडीबाई म्हणाली. "बटण दाबायचं नि मोकळं व्हायचं. कुणाला कळलं असतं? का नाही खोडलंत?"

नणंदेनं पर्सचा पट्टा बोटावरून सोडवला. दुकानातल्या आठ-दहा जणांना उत्तर ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकानंही आपल्या हातानं ते खोडलं नसतं.

"खाली गाणं होतं," ती शेवटी म्हणाली.

"मग मीही खोडणार नाही." घडीबाईनं कॅसेट मशीनमधून काढून घेतली. "ज्याला कॉपी हवी त्यानं कोरी कॅसेट आणून द्यावी. पुरी मिळेल. एक अक्षर कापणार नाही."

"म्हणजे जो ऐकेल तो मलाही ऐकणार. कायमचं."

"मशीन चालू असताना बोलायचं नसतं, वन्सं. तुम्हीच शिकवलं होतंत."

नणंद उठली. शटर वाकून ओलांडताना तिचं ढोपर कडाडलं आणि तिनं भिंतीचा आधार घेतला. आधार द्यायला रेडिओवाला धावला. घडीबाई उठली नाही. तिनं टेबलावरचा पेन ओढला आणि कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं: शेवटच्या नव्या गाण्यावर नणंद आणि मैत्रीण बोलतात. मग पर्समधून आपली कॅसेट काढून तिच्यावर लिहिलं: सेल जुने, वेग चढा. वैगुण्य असेल ते लिहून ठेवायचं, पुढच्या माणसाला फसवायचं नाही, हा पत्राच्या वेड्यांतला रिवाज. तिनं दोन्ही वेळा अक्षर सारखंच काढलं.

सोमवारी संध्याकाळी ती कानाला हेडफोन लावून बसली. पहिल्यांदा नुसती नणंद ऐकू आली. दुसऱ्यांदाही. संडासात बसलीय म्हणून ती हसली की घडीबाईचे दात आवळले जायचे. पण ज्यानं आयुष्यभर खरखरीतून गाणं वेचलं त्याचा कान वेगळा असतो. पाचव्या-सहाव्या खेपेला बोलण्याखालून शब्द सुटे व्हायला लागले. आतून कुणीतरी विचारतं, कोण आहे? माणूस म्हणतो, माहीत नाही. आतलं माणूस जरा थांबतं. मग म्हणतं, पाय पुसून आत ये.

तिनं हेडफोन काढला आणि भिंतीकडं बघत बसली. नवऱ्यानं चांगला कान इकडं केला.

"उद्या सकाळी पोचवायला जातोय तिला," तो म्हणाला. "काही सांगायचंय?"

"काही नाही."

"नुसतं नीट जा म्हणावं का?"

"तुमची बहीण आहे. तुम्हाला म्हणायचं ते म्हणा. माझ्या नावावर काही खपवू नका."

मंगळवारी धुकं नव्हतं, वारा होता, आणि त्या वाऱ्यानं बाहेर टांगलेले गाऊन अंगणभर उडवले होते. घडीबाईनं गोळा करणाऱ्या दोघींना खिडकीतून शिव्या घातल्या. नणंदेची गाडी नऊची होती. नऊ वाजता फोन वाजला. सर्जरीची सिस्टर होती, चादरी कधी येणार विचारत होती.

"रोलरमधून निघाल्या की," घडीबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

चादर निघाली. तिनं दोन टोकं धरली. समोरच्या बाईनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारायला तोंड उघडलं.

"ओढ," घडीबाई म्हणाली. "ढिली सोडलीस. सुरकुती पडते."